अहिल्या : नांगर न लागलेल्या जमिनीचं नाव



राळेगणसिद्धीतली ही सभा सुरू व्हायच्या आधी मी या पुढच्या रांगेतल्या मुलींना नावं विचारत होते. दोघींनी एकदमच सांगितलं, सिद्धी. मला फार बरं वाटलं. गावाच्या नावात मुलीचं नाव आहे आणि गावातल्या मुलींच्या नावात गाव आहे. एरवी आपण काय म्हणतो? 'राळेगणला चाललो.' सिद्धी मागं राहून जाते. नगरचंही तसंच. शहराला काहीही म्हणा, आपण पिढ्यान्‌पिढ्या 'नगरला चाललो' एवढंच म्हणत आलो.

त्या नगरच्या पुढं आता एका बाईचं नाव आहे. 31 मे 2023 रोजी अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी, चौंडीला, घोषणा झाली, 2024च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला. आता एसटीच्या पाटीवर अहिल्या आहे, शाळेच्या दाखल्यावर अहिल्या आहे, सोसायटीच्या पावतीवर अहिल्या आहे. आणि रोज डोळ्यांसमोर असलेलं अक्षर हळूहळू दिसेनासं होतं, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकले आहे. म्हणून आजचं व्याख्यान या एकाच नावावर. हे नाव आलं कुठून, ते कुणी वागवलं, आणि बाईचं नाव शेवटी लिहिलं कुठं जातं, या तीन गोष्टी मी बोलणार आहे. खरं सांगायचं तर तिसरीसाठी आले आहे. पण तिच्यापर्यंत पोचायला पहिल्या दोन वाटेत लागतात.

संस्कृतात मूळ शब्द अहल्या. आपल्या मराठी जिभेनं त्यातल्या 'ह'ला वेलांटी दिली आणि अहिल्या केलं. हल म्हणजे नांगर. बलरामाला हलधर म्हणतात तो याच नांगरामुळं. नांगराखाली आलेली ती हल्या. आणि जिला नांगर लागलाच नाही ती अहल्या.

म्हणजे काय? तर मुलीचं नाव होण्याआधी हे एका जमिनीचं वर्णन आहे. आपल्या पारनेर तालुक्यात अशा जमिनीला किती शब्द आहेत बघा. पड. माळ. बरड. गायरान. इथं बसलेल्या ज्येष्ठांना मी वेगळं काय सांगू? या गावाभोवतीचं सगळं रान एके काळी अहल्याच होतं. पाऊस सालाला चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. आला तर एका दुपारी सगळा यायचा आणि माती घेऊन निघून जायचा.

ही 'येऊन निघून जाण्याची' गोष्ट जरा मनात ठेवा. अहल्येचं नाव ब्राह्मणग्रंथांत येतं तेव्हापासून ते इंद्राबरोबर येतं. पुढची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. गौतम ऋषी नदीवर गेले, इंद्र त्यांचं रूप घेऊन आला, आणि शाप अहल्येला लागला. या कथेचे अर्थ लावणारे थोर लोक होऊन गेले. कुमारिल भट्टांनी सांगितलं की अहल्या म्हणजे रात्र, दिवस उगवला की विरून जाणारी, आणि इंद्र म्हणजे सूर्य. रामायणाच्या उत्तरकांडात शब्दाचा वेगळाच अर्थ दिला आहे : हल म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या. रवींद्रनाथ ठाकुरांना मात्र तिच्यात जमीनच दिसली, न कसलेली, दगड होऊन पडलेली जमीन.

मी या मातीतली बाई. मला ठाकुरांचा अर्थ पटतो, आणि त्यात माझी थोडी भर घालते. इंद्र कोण? पावसाचा देव. नांगर न लागलेल्या जमिनीवर पाऊस येतो आणि थांबत नाही. ओघळ पाडून, वरची माती नेऊन तो निघून जातो. ओसाडपणाचा शाप मागं जमिनीला राहतो. हा शाप तुम्ही भोगला आहे. आणि तो कसा उतरतो हेही तुम्हीच करून दाखवलं आहे. 1975 नंतर अण्णा हजारेंच्या मागं उभं राहून तुम्ही ताली घातल्या, नाले अडवले, पाझर तलाव बांधले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. येऊन निघून जाणाऱ्या पावसाला तुम्ही थांबायला लावलं. अहल्येचा उद्धार म्हणजे काय, याचं उत्तर कुणी मला विचारलं तर मी पोथी उघडण्याआधी त्याला तुमच्या विहिरीवर घेऊन जाईन.

आता कथेतली एक गोष्ट सांगते, ती ऐकून मी स्वतः कितीतरी दिवस अस्वस्थ होते. अहल्या शिळा झाली आणि रामाच्या पायाची धूळ लागून पुन्हा बाई झाली, असंच आपण सगळे ऐकत आलो ना? वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होतच नाही. तिथं शाप असा आहे की तू वारा खाऊन राहशील, राखेत पडून राहशील आणि कुणालाही दिसणार नाहीस. दगड होण्यापेक्षा मला हा शाप जास्त कठीण वाटतो. बाई घरात आहे, जिवंत आहे, सगळं तिला कळतं आहे, आणि ती कुणाला दिसत नाही. अशा किती जणी आपण पाहिल्या आहेत? आणि मग राम-लक्ष्मण आश्रमात येतात तेव्हा काय होतं? ते दोघं वाकून तिच्या पायांना हात लावतात. हो, तेच. राम तिच्या पाया पडतो. नंतरच्या परंपरेनं हे चित्र उलटं केलं, आणि तिला दगडही केलं. वाल्मीकींची अहल्या आशीर्वाद द्यायच्या जागी उभी आहे.

तिथून राम कुठं जातो? मिथिलेला. तिथं कोण आहे? सीता. आणि सीता म्हणजे काय? नांगराचं तास! नांगर न लागलेल्या जमिनीच्या पाया पडून राम नांगराच्या तासाकडं जातो. आधी अहल्या, मग सीता. हा क्रम कुणी जाणून लावला की आपोआप लागला, कोण सांगणार? पण शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला तो चुकायचा नाही. पहिली नांगरट, मग पेरणीचं तास.

(मुलींनो, सीता म्हणजे तास हे वहीत लिहून ठेवा. परीक्षेत येणार नाही, पण आयुष्यभर पुरेल.)

मग प्रश्न असा येतो की जिला शाप लागला तिचं नाव कुणी लेकीला ठेवेल का? आपल्याकडं नावाच्या बाबतीत माणसं फार जपून असतात. कैकेयी नाव कुणी ठेवत नाही. मंथरा, शूर्पणखा तर नाहीच. पण अहिल्या, सीता, द्रौपदी ही दुःख भोगलेली नावं मात्र घरोघर आहेत. सीताबाई प्रत्येक वस्तीवर एक. द्रौपदीची द्रुपदाबाई झाली. सकाळी उठून ज्या पाच जणींची नावं घ्यायची त्यात अहल्येचं पहिलं. आपल्या लोकांनी दुःख भोगणारीला दोष दिला नाही, दोष करणारीला दिला. नाव ठेवताना हा न्याय आपल्या आज्यांनी फार बारकाईनं पाळला.

आणि दगडाचंच म्हणाल तर आपल्याकडं दगडाबाईसुद्धा आहेच. मूल जगत नसलं की पुढच्या लेकराला दगडू, धोंडू, दगडाबाई म्हणायचं, म्हणजे काळाला वाटावं हा दगडच आहे, याला काय न्यायचं. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके कोण विसरेल? हे मायेनं ठेवलेलं दगडाचं नाव. याच्या उलट नकुशी. तिसरी-चौथी मुलगी झाली की 'नकोशी' म्हणून ठेवलेलं नाव. 2011च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्याला जिल्हा परिषदेनं अशा 285 मुलींना नवीन नावं दिली. मुलींनी आपापली नावं निवडली, सर्टिफिकेटं हातात घेतली. 285! एका जिल्ह्यात. शाप द्यायला ऋषीच लागतो असं नाही. बारशाच्या दिवशी घरच्या माणसांनाही तो देता येतो.

बारसं आठवा. पाळण्याला फुलं बांधलेली. पाटीत घुगऱ्या. आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. नाव पहिल्यांदा उच्चारलं जातं ते कुजबुजत. सगळ्या मांडवाला ऐकू जायच्या आधी ते एकट्या त्या लेकराला सांगितलेलं असतं. मला हा क्षण फार मोठा वाटतो. तुझं नाव आधी तुझं आहे, मग गावाचं.

आता चौंडीला जाऊ. आपण जिल्ह्याच्या या टोकाला, जामखेड तालुक्यातली चौंडी त्या टोकाला. 31 मे 1725. माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ही मुलगी जन्माला आली. म्हणजे बघा, तीनशे वर्षांपूर्वी एका धनगराच्या घरात पोथीतलं हे नाव लेकीचं नाव होतं. तिची हकीकत तुम्हाला पाठ आहे, मी भरभर जाते. 1733 साली मल्हारराव होळकरांच्या घरात सून म्हणून गेली. 1754ला कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. 1766ला सासरे गेले, 1767ला मुलगा मालेराव गेला, आणि त्याच वर्षापासून 1795च्या ऑगस्टपर्यंत, अठ्ठावीस वर्षं, तिनं महेश्वरला बसून राज्य चालवलं. काशी विश्वेश्वराचं देऊळ, सोमनाथचं देऊळ, गयेचं विष्णुपद. घाट, धर्मशाळा, विहिरी, बारवा. ज्या पुराणातल्या अहल्येला नांगर लागला नव्हता तिचं नाव घेऊन या बाईनं देशभर दगड घडवून घेतला. ती गेल्यापासून अहिल्या म्हटलं की आपल्याला शिळा आठवत नाही, घाटाच्या पायऱ्या आठवतात. शब्दकोशात अर्थ तोच राहिला, लोकांच्या मनातला बदलला. एका बाईनं जगून तो बदलला.

पण मला सगळ्यांत जास्त जे भिडतं ते वेगळंच आहे. तिच्या दरबारच्या आज्ञापत्रांवर काय असे? श्रीशंकर. राज्य शंकराचं, मी त्याची कारभारीण, ही तिची धारणा. नाण्यांवर काय असे? शिवलिंग आणि बेलाचं पान, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणं दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं नाव. तिचं स्वतःचं? नाही. इंदूरच्या विमानतळाला आज तिचं नाव आहे, इंदूरच्या आणि सोलापूरच्या विद्यापीठांना आहे, आपल्या जिल्ह्याला आहे. आणि सत्ता हातात असताना एका बेलाच्या पानावर ती समाधानी होती. तिचं नाव जे टिकलं ते लोकांनी तोंडानं टिकवलं, दळताना, कांडताना, घाटावर धुणं धुताना.

इथं एक बारीकशी तक्रार नोंदवते. तिला लोक काय म्हणत? अहिल्याबाई. आता पाटीवर, पत्रिकेवर, भाषणात सगळीकडं अहिल्यादेवी. देवी म्हणण्यात भक्तीच आहे, मला मान्य आहे. पण 'बाई' कुठं गेली? जिजाबाईंच्या जिजाऊ झाल्या, ताराबाईंच्या ताराराणी झाल्या. बाई हा मराठीतला मानाचा शब्द. संतांत मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई. शाळेत मला मुलं 'बाई' म्हणत आणि ती हाक ऐकायला मी सुट्टीतसुद्धा आसुसलेली असे. शहरात त्या शब्दाला भांडी घासणाऱ्या माणसापुरतं करून टाकलं, आणि भांडी घासणं हलकं ठरवून टाकलं. दोन्ही चुका आपल्याच. देवीला देव्हाऱ्यात बसवता येतं. बाई कारभार करते, हिशोब विचारते, समोरच्याला जाब विचारते. अहिल्याबाईंनी अठ्ठावीस वर्षं तेच केलं.

आणि तसंच करणारी आणखी एक अहिल्या या महाराष्ट्रानं पाहिली आहे. अहिल्या रांगणेकर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होत्या, मृणाल गोऱ्यांबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणणाऱ्यांत होत्या, 1977 साली मुंबईतून लोकसभेवर गेल्या. एक महेश्वरची, शंकराची भक्त. एक लाल बावट्याची. नाव एकच, आणि दोघीही हिशोब विचारणाऱ्या.

नगरचा विषय निघाला की चांदबीबीला विसरून चालणार नाही. 1490 साली वसलेल्या या शहराचा किल्ला 1595-96मध्ये तिनं मोगलांपासून राखला. शहराबाहेर डोंगरावर जो चांदबीबीचा महाल आपण लांबून दाखवतो तो तिचा नाहीच मुळी. ती सलाबतखानाची कबर आहे. पण लोकांनी तिला बाईचं नाव दिलं आणि ते पुसलं गेलं नाही. म्हणजे या जिल्ह्याच्या माणसाला बाईचं नाव मोठ्या वास्तूला द्यायची सवय सरकारच्या आधीपासून आहे.

मग आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आले. जिल्ह्याला बाईचं नाव आहे, महालाला आहे, नद्यांना तर आहेच. सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत?

मी शांत उभी राहते. प्रत्येकानं मनात आपल्या घरचा उतारा आठवावा.

1986च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. माळ बायकांनी भरून गेला होता. त्यानंतर काही वर्षांत संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्यांना सांगितलं की लक्ष्मी म्हणून घरात आणलेल्या बाईचं आपण देणं लागतो, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा करा. त्याला लक्ष्मीमुक्ती म्हटलं. गावातल्या शंभर घरांनी केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी म्हणून गाव आहे, तिथं एकट्या सीतेचं देऊळ आहे, संघटनेनं त्याचा जीर्णोद्धार केला. राळेगाव ते, राळेगण हे. तिथं तासाचं देऊळ, इथं नांगर न लागलेल्या जमिनीचा जिल्हा. 1994 साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा वाटा देणारा कायदा केला, देशात तो 2005ला आला. कायदा झाला. आणि मग वाटणीच्या वेळी बहिणीला बोलावून हक्कसोड लिहून घ्यायची रीत पडली. साडीचोळीवर. मी ही सही करताना बायका पाहिल्या आहेत. काही जणी हसत करतात. माहेर तुटू नये म्हणून करतात.

2024च्या मार्चमध्येच आणखी एक निर्णय झाला, त्याची चर्चा मात्र कमी झाली. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या नावापुढं सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. एकाच महिन्यात जिल्ह्याला बाईचं नाव मिळालं आणि लेकराच्या नावात आई आली. मला विचाराल तर दुसरा निर्णय मोठा. जिल्ह्याचं नाव पाटीवर राहतं. हे नाव हजेरीला रोज पुकारलं जाणार आहे. आजवर किती आयांची नावं अशी मोठ्यानं उच्चारली गेली?

कारण बाईचं नाव आपल्याकडं किती सहज बदललं गेलं बघा. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीनं नवीन नाव लिहायचं. तांदूळ गोळा केले की अक्षरं गेली. डॉक्टर आनंदीबाई जोशी जन्मानं यमुना. रमाबाई रानडेही जन्मानं यमुना. एकाच शतकातल्या दोन यमुना तांदळात वाहून गेल्या आणि कुणाला खंत वाटली नाही. त्या नावाजल्या म्हणून आपल्याला निदान माहीत तरी आहे. बाकीच्या?

माझ्या आजीचं माहेरचं नाव अहिल्या होतं. मला हे कळलं तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. सासरचं नाव तिला वेगळं होतं, गाव त्याच नावानं ओळखे, रेशनकार्डावर तेच. भाऊबिजेला तिचा धाकटा भाऊ यायचा. म्हातारा झाला होता, काठी टेकत बांधावरून यायचा. अंगणात आला की दारातूनच हाक मारायचा, "अहिल्याऽऽ." आणि चुलीपुढं बसलेली माझी आजी, जिला गुडघ्यांमुळं उठताना भिंतीला धरावं लागे, ती भिंतीला हात न लावता उठायची. मी दरवर्षी बघायचे. दुसऱ्या कुठल्याच हाकेला ती तशी उठत नसे. सासरच्या नावाला 'आले' म्हणायची आणि हातातलं काम संपवून मग यायची.

एका वर्षी भाऊबिजेला भाऊ आला नाही. तो गेला होता. संध्याकाळी तिनं ओवाळायचं ताट तसंच केलं, निरांजन लावलं आणि चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मी शेजारी उभी होते. मला वाटलं आपण हाक मारावी. पण नातीनं आजीला नावानं कसं बोलवायचं? मी गप्प राहिले. त्यानंतर ती सात वर्षं होती, आणि त्या सात वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. ती गेल्यावर उताऱ्यावर वारसांची नावं चढली, तेव्हा तलाठ्यानं विचारलं, मयताचं पूर्ण नाव सांगा. मोठ्या काकांनी सासरचं नाव सांगितलं. मी ओट्यावर बसले होते. त्या दिवशी मात्र मी बोलले. म्हटलं, अहिल्या. तलाठी म्हणाला, हे कुठल्याच कागदावर नाही.